व्हीआर ‘लागणं’ सवयीने जातं का? आणि हंगामी स्टॉलवर रोलर कोस्टर ठेवावा का?

खाडीकाठ:
किनाऱ्यावर हंगामात व्हीआर गेमचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या खेळांचा, स्टॉल टाकायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. “रोलर कोस्टर ठेव, गर्दी जमते. कुणाला लागला तर लागला, सवयीने जातं. बोट नाही का लागत सुरुवातीला?” माझं म्हणणं असं की ही बोटीची उपमाच उलटी आहे.

बोटीत खालच्या खणात बसलेल्या माणसाचा कान सांगतो ‘हलतोयस’, आणि डोळ्यांना समोरची फळी जागच्या जागी दिसते. हेडसेटमध्ये नेमकं विरुद्ध घडतं. डोळे म्हणतात उतारावरून सुसाट निघालोय, कान म्हणतो खुर्चीत बसलाय. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं टिपतात, त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या सरळ रेषेतला वेग वाढला की घटला ते टिपतात. या दोन्हींकडून काहीच खबर येत नाही आणि डोळे मात्र ओरडत असतात. मेंदूला हा हिशेब जुळत नाही, म्हणून मळमळतं. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण निकामी असते त्यांना बोट लागतच नाही. म्हणजे भांडण पोटाचं नाहीच, कान आणि डोळ्यांचं आहे.

बोट लागली की तांडेल सांगतो वर ये, क्षितिजाकडे बघ. हेडसेटमधलं क्षितिजही खोटंच असतं, त्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही. डोळे मिटायचे, एवढंच.

त्यातही रोलर कोस्टर सगळ्यात वाईट. आंबा घाटात गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, मागच्या सीटवर मोबाईल बघणाऱ्याला लागते. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी कळतं. रोलर कोस्टरमध्ये गिऱ्हाईक कायम मागच्या सीटवर. म्हणून स्टॉलवर तो नकोच. ज्यात माणूस स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि गेममधली जमीन सरकत नाही, तेवढेच खेळ ठेवा. ‘बीट सेबर’ घ्या: ठोकळे अंगावर येतात, खेळणारा जागेवरच. तो सहसा कुणाला लागत नाही.

दर्यावर्दी:
उपमा उलटी आहे हे मान्य, पण निष्कर्ष चुकला. उलट असो की सुलट, मेंदू दोन्ही विसंगतींना सरावतो. सरावाची पद्धत चुकते म्हणून लोक “आपल्याला जमत नाही” म्हणून हेडसेट माळ्यावर टाकतात.

पद्धत अशी. पहिले तीन-चार दिवस फक्त उभ्याने खेळायचे गेम, १० ते १५ मिनिटं. मग चालण्याचा गेम, पण हातातल्या कंट्रोलरच्या काठीने फिरणं बंद आणि टेलिपोर्ट, म्हणजे इथून थेट तिथे उडी, चालू. त्यानंतर सरळ चालणं काठीवर, वळणं मात्र झटक्याने, ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यात. संथ वळण सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त तेच लागतं. प्रत्येक टप्पा रोज किंवा दिवसाआड. दोन-तीन आठवडे खंड पडला तर एक पायरी मागे यायचं.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही: कपाळावर घाम, तोंडाला पाणी सुटणं, जांभया किंवा अंगात गरमी, यातलं पहिलं काही जाणवलं की त्याच क्षणी हेडसेट काढायचा. मळमळ येईपर्यंत थांबलात तर सराव होत नाही, धास्ती बसते. मग नुसता हेडसेटच्या फोमचा वास आला तरी पोट ढवळतं.

टेलिपोर्ट आणि नजरेच्या कडा झाकणारी काळी चौकट कायमची लावून ठेवणाऱ्यांनी अर्धा गेम खेळलेलाच नसतो, हे माझं ठाम मत.

चिरेबंदी:
दोघेही माणसाला दोष देताय, यंत्राकडे कुणी बघत नाही. बऱ्याच तक्रारी चित्र उशिरा येण्याच्या असतात. मान वळवल्यापासून नवं चित्र डोळ्यांपर्यंत यायला २० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागायला हवा. ९० हर्ट्‌झवर (सेकंदाला ९० चित्रं) प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ वर १३.९. गेम पीसीवर चालवून हेडसेटला पाठवत असाल आणि पीसीने ११.१ ओलांडले की सॉफ्टवेअर फ्रेम अर्ध्यावर आणून मधल्या स्वतः रंगवतं. हातांच्या कडा थरथरताना दिसल्या तर समजा तेच चाललंय. अशा वेळी आधी रेझोल्यूशन खाली आणा, मग सावल्या. फ्रेमदर शेवटपर्यंत सोडायचा नाही.

आता आपल्याकडची गंमत. घरं जांभ्या चिऱ्यांची, भिंती हातभर जाड. राउटर ओटीवर, पीसी माजघरात, आणि खेळणारा माडीवर! पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल त्या भिंतीतून जेमतेम झिरपतो. राउटर खेळायच्याच खोलीत हवा, आणि पीसीपासून राउटरपर्यंत लॅन केबल. तेही जमत नसेल तर सरळ यूएसबी ३ ची लांब केबल हेडसेटला लावा, दिसायला बरी नसली तरी. पावसाळ्यात लाईट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर चित्र अडकतं, मान वळवली की कडा काळ्या दिसतात. त्या दोन सेकंदांत धडधाकट माणसालाही लागतं.

आणखी एक, जे कुणीच बघत नाही. मेटा कंपनीच्या क्वेस्टसारखे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून आपली जागा ठरवतात. चुन्याची कोरी पांढरी भिंत, मोठा आरसा, मिणमिणता उजेड, यातलं काहीही असलं की अंदाज चुकतो आणि सगळं जग होडीसारखं तरंगायला लागतं. भिंतीवर दोन-चार कॅलेंडरं लावा, खरंच फरक पडतो. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्‌झ आहे ना तेही बघा, आपली वीज ५० ची आहे. आणि हेडसेट समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो.

खाडीकाठ:
@चिरेबंदी, यंत्राचं सगळं पटलं. पण फ्रेमदर १२० केला तरी रोलर कोस्टर लागणारच. चित्र कितीही वेळेवर आलं तरी ते खोटं वेगवान चित्रच आहे. यंत्र सुधारून यंत्राचा दोष जातो, गेमचा जात नाही.

@दर्यावर्दी, तुमची पायरी-पायरीची पद्धत घरी हेडसेट असलेल्यासाठी उत्तम आहे. स्टॉलवर माणूस आयुष्यात एकदा, पाच मिनिटांसाठी येतो. त्याला तीन आठवड्यांचा सराव कुठून देणार?

झटको मालवणी:
सगळा बरोबर. पण गिऱ्हाईक येता ता रोलर कोस्टर बघूकच. टेलिपोर्ट दाखवलास तर म्हणतला, “ह्या काय, दोनशे रुपये दिले ते हयसून थय उडी मारूक?” तुमी बोलताशात तसो स्टॉल घातलो तर संध्याकाळपर्यंत माश्ये मारूक लागतले.

दर्यावर्दी:
झटको, दोनशे रुपयांचा मुद्दा भारी काढलात, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. पैसे दिलेत म्हणूनच माणूस मळमळत असतानाही शेवटपर्यंत बसून राहतो. “अर्ध्यात काढला तर पैसे परत” अशी पाटी लावा. उलट्या पुसण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आणि खाडीकाठ, “रोलर कोस्टर नकोच” हे टोक झालं. सगळे रोलर कोस्टर सारखे नसतात. कान वेग टिपत नाही, वेगातला बदल टिपतो. एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या राईडमध्ये विसंगती थोडी असते. ब्रेक, उसळी, गिरक्या, कॅमेरा तिरका होणं, हे सगळं मारक. सपाट पाण्यावरून संथ जाणारी होडी, समोर डोलकाठी आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) कायम दिसते अशी राईड ठेवली तर बहुतेकांना पाच मिनिटं निभावतात. समोर स्थिर चौकट दिसत राहिली की डोळ्यांना आधार मिळतो. विमानाच्या कॉकपिटचे गेम त्यामुळेच उघड्या धावण्याच्या गेमपेक्षा कमी लागतात.

खाडीकाठ:
ही तडजोड मी घेईन, पण तीन अटींवर. राईड बसूनच, फिरत्या खुर्चीवर नाही. काळी चौकट चालू, म्हणजे वेग वाढला की नजरेच्या कडा झाकल्या जातात. हलण्याचा भास मुख्यतः कडेच्या नजरेतून होतो. आणि समोर एक टेबल फॅन, मान फिरवणारा नाही, एका जागी रोखलेला. वाऱ्याने गरमी कमी होते, शिवाय पुढची बाजू कुठली ते अंगाला कळत राहतं. मे महिन्यात ताडपत्रीखाली दमट हवेत घामेजलेल्या माणसाच्या डोक्यावर अर्धा किलोचं यंत्र चढवायचं, तर वारा हवाच.

पारंब्या:
बायकांना व्हीआर जास्त लागतं असं सर्रास बोललं जातं, म्हणून मध्येच लिहिते. आधी भिंगांचं अंतर बघा. मोठ्या माणसांच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, बायकांचं बहुधा थोडं कमी. क्वेस्ट २ ला तीनच खाचा आहेत: ५८, ६३, ६८. स्टॉलवर आधी एखादा रुंद चेहऱ्याचा बुवा खेळून गेला, खाच ६८ वर राहिली, आणि मागून ५७ अंतराची मुलगी आली, तर तिचं डोकं दुखणारच. क्वेस्ट ३ ला चाक आहे, पण ते फिरवायला कुणीतरी हवं ना. आरशासमोर मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून डाव्या बुबुळाच्या मध्यावर शून्य जुळवा, मग पट्टी न हलवता डावा मिटून उजव्याचा आकडा वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम.

धूसर दिसणं हेही कारण असतं. पावसाळ्यात चेहऱ्याच्या वाफेने भिंगं धुकटतात. गिऱ्हाईक यायच्या आधी पाच मिनिटं हेडसेट चालू ठेवला की भिंगं कोमट होतात, धुकं धरत नाही. पुसायचं कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, भिंगाला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचा नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर आपल्या हवेत पट्ट्याला बुरशी धरलीच म्हणून समजा.

अर्धशिशी असलेल्यांना मात्र सगळं नीट जुळवूनही लागू शकतं. त्यांना आग्रह करू नये.

दर्यावर्दी:
मग गाडी लागण्यावरची गोळी घेऊन खेळायला काय हरकत? घाटात लोक घेतातच.

सुंठसाखर:
हरकत आहे. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीत प्रोमेथाझिन असतं. ते मळमळ दाबतं, पण झोप आणतं आणि हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. गेमची मजा त्याच मेळात असते. शिवाय गोळी आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. पाच मिनिटांच्या खेळासाठी दिवसभर पेंगत राहायचं, आणि तशात कुणी स्कूटर काढली तर आणखी पंचाईत. ज्याला आधीच दुसरी औषधं चालू आहेत त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. स्टॉलवाल्याने गोळी देणं हा तर मूर्खपणा.

आलेपाक चघळायला हरकत नाही, काहींना बरं वाटतं. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. कोंबडी-वडे हाणून थेट राईडवर चढणाऱ्याला कुठलाच फ्रेमदर वाचवत नाही.

तारकर्ली-मालवणात आणखी एक बघायला हवं. पर्यटकाचं एका दिवसात सगळं ठरलेलं असतं: किल्ल्याची होडी, स्कूबा, आणि मध्ये वेळ आहे म्हणून व्हीआर. ज्याला व्हीआर लागलंय त्याने त्या दिवशी स्कूबा करू नये. पाण्याखाली तोंडात रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) असताना उलटी झाली तर माणूस घाबरतो, आणि घाबरून वर झेपावणं ही डायव्हिंगमधली सगळ्यात धोक्याची चूक. व्हीआर ठेवायचंच तर पाण्यातलं सगळं उरकल्यावर.

चिरेबंदी:
होडीवरून आठवलं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत किंवा कोकण रेल्वेत हेडसेट लावायचे बेत करणाऱ्यांसाठी: कॅमेऱ्यांना डबा स्थिर दिसतो, आतला सेन्सर मात्र डब्याची वळणं मोजतो. दोघांची फारकत झाली की मेनू हळूहळू खिडकीकडे सरकत जातो. क्वेस्टला प्रवासासाठी ट्रॅव्हल मोड दिलाय, आधी विमानासाठी आला, मग रेल्वेसाठी. बोटीवर त्याचा भरवसा धरू नका. आणि तिथे आधी म्हटलेल्या दोन्ही विसंगती एकदम भेटतात: कान खऱ्या लाटेवर, डोळे खोट्या.

झटको मालवणी:
बरा. होडीची राईड ठेवतंय, फॅन लावतंय, पट्टी आणतंय, पैशे परतची पाटी पण लावतंय. पण एक रोलर कोस्टर मागे ठेवतलंय. जो हट्टान मागीत तेकाच.

खाडीकाठ:
ठेवा, पण हट्टाने मागणाऱ्यालाही आधी होडीची राईड पूर्ण करायला लावा. त्यात त्याने एकदाही जांभई दिली तर पुढे सोडायचं नाही. सुरू करण्याआधी दोन गोष्टी शिकवा: बिनसलं की डोळे मिटायचे, आणि हेडसेटच्या बाजूला दोन टिचक्या मारल्या की बाहेरची खोली दिसते. हे सेटिंग चालू आहे का ते सकाळीच बघून ठेवा. शेजारी एक माणूस कायम उभा हवा, कारण लागलेला माणूस काढताना हेडसेट हमखास खाली टाकतो. आणि बाहेर पडल्यावर अर्धा तास तरी कुणाला गाडीची चावी हातात घेऊ देऊ नका.

दर्यावर्दी:
जांभईवर अडवणार असाल तर दुपारी तीननंतर जेवून आलेला एकही मालवणकर त्यातून पास होणार नाही. घाम बघा, जांभई सोडा.