भिक्षावळीत घालायला बेटांचं सोन्याचं नाणं, कुठलं घेऊ?

ऑकलंडकर_मामा: मे मध्ये पुण्यात भाच्याची मुंज आहे, पोरगं नाणी जमवतं. न्युए नाहीतर कुक आयलंड्स, या पॅसिफिकमधल्या बेटांचं सोन्याचं स्मारक नाणं घ्यावं म्हणतोय. बजेट 200 न्यूझीलंड डॉलर, वर एक डॉलरही नाही. कोणी घेतलंय का?

नाणेवेडा: 200 मध्ये काय होतंय, पाव औंस (पावणेआठ ग्रॅम) घ्या. माझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंट टांकसाळीने पाडलेलं तुवालू बेटांचं आहे, नुसती डबी बघूनच पाहुणे गार.

मंजूताई: अहो सरळ वेढणी घ्या. नाणं मोडायला नेलं की सोनार वजनाचाच भाव देतो, वरचे पैसे पाण्यात.

कोलंबी_फ्राय: सोन्याचंच आहे ना ते नीट वाचा. मी 'गोल्ड' वाचून उडी मारली, आलं ते चांदीवर मुलामा दिलेलं, बायको अजून ऐकवते. बाय द वे न्युए देश तरी आहे का?

नाणेवेडा: 1974 पासून सरकार स्वतःचं, पण न्यूझीलंडशी संलग्न, चलनही न्यूझीलंड डॉलरच. वस्ती दोन हजार पण नाही. 2011 ला स्टार वॉर्सची नाणी काढली ती काय तिथे भाजी आणायला थोडीच, सगळी बाहेरच्या हौशी लोकांसाठी.

मंजूताई: मग देशच नाही तर नाणं कसलं डोंबलाचं! वेढणी घ्या.

पेठेतला: विषय कुठे चाललाय. मामा, तुमच्या बजेटमध्ये अर्धा ग्रॅमवालं बसेल, कुक आयलंड्स, पलाऊ दोन्हीची असतात, 11 मिमी, म्हणजे शर्टाचं बटण. जुन्या हिशोबात चार गुंजा. प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमधून काढू मात्र देऊ नका, आमच्या सासऱ्यांनी कौतुकाने सोनाराला दाखवलं, त्याने कड कसोटीवर घासली आणि "खरंय हो" म्हणून परत दिलं. आता ते नुसतं अर्धा ग्रॅम सोनं.

सीट_14सी: येताना कस्टम्सला दाखवा. दागिन्यांना सूट आहे, नाण्यांना नाही, मला चांगलंच महागात पडलंय.

कोलंबी_फ्राय: अर्धा ग्रॅम भिक्षावळीत तांदळात हरवेल 😂 चांदीचं एक औंस घ्या, दिसतं तरी.

मंजूताई: मी तर पहिल्यापासून वेढणी म्हणतेय.

ऑकलंडकर_मामा: घेतलं. कुक आयलंड्स, अर्धा ग्रॅम, 189 डॉलर. वेढणी आजी घालणारच आहे, आणि बटू आमचा तांदूळ चाळून काढेल पण नाणं सोडणार नाही. फक्त बहिणीला अजून सांगितलं नाहीये केवढंसं आहे ते.