मदत हवी आहे: बाबांचा मेडिक्लेम भरू की आयुष्मान कार्डावर राहू?

सायली_नाशिक: शुक्रवार शेवटची तारीख. प्रीमियम ३१ हजारांवरून ४८ हजार झालाय. नवरा म्हणतो, सरकारी कार्ड काढ. खाजगी विम्यामुळे तब्येत खरंच चांगली राहते का? लवकर सांगा प्लीज.

भटक्या: बाबांचं वय? आजार? पॉलिसी किती जुनी?

दत्ताकाका: वय काहीही असो, सोडू नका! नवी घेताना जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागतं, तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही.

सायली_नाशिक: वय ७३, पॉलिसी २०१६ची. शुगर आहे, २०१९ला स्टेंट टाकला. तेव्हा वरच्या दर्जाची रूम घेतली म्हणून सगळंच बिल त्या प्रमाणात कापलं, ६२ हजार खिशातून गेले. ते बिल अजून कपाटात आहे, कापलेल्या ओळींवर बाबांनी लाल पेनने खुणा केल्यात.

रानवारा: अगं, सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्न न बघता ५ लाखांचं कार्ड मिळतं. वेटिंग नाही. मेडिक्लेम असला तरी चालतं. दोन्ही ठेव.

दत्ताकाका: कार्ड दाखवलं की बेड नाही म्हणतात. मेहुण्याला तीन दिवस फिरवलं.

रानवारा: काका, ते रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीत होतं का? माझ्या आईची बायपास राज्याच्या फुले आरोग्य योजनेतून झाली, रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाने, आरोग्यमित्राने, सगळे कागद केले.

दत्ताकाका: ते विचारलं नव्हतं.

मेथीदाणा: शुगरला रात्री ज्वारीची भाकरी द्या, माझ्या सासऱ्यांना फरक पडला.

अनुजा_पुणे: तिचा मूळ प्रश्न राहिला. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये २००८ साली सोडत काढून गरिबांना सरकारी विमा दिला. दोनेक वर्षांनी बघितलं तर मधुमेहाची निदानं वाढली होती, नैराश्य आणि दवाखान्याची देणी कमी झाली होती, पण शुगर-बीपीच्या आकड्यांत ठोस फरक नव्हता. अर्थात ती तुलना विमा नसलेल्यांशी होती, खाजगीशी नाही. तुझ्या बाबांची शुगर गोळ्या आणि तपासण्यांवर आहे. सरकारी कार्ड ॲडमिट झाल्यावरच कामाला येतं, बहुतेक मेडिक्लेमही तसेच. शेवटची एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) कधी केली?

सायली_नाशिक: फाईल बघितली. मार्चनंतर केलीच नाही. उद्या सकाळी नेते. पण आधारवर बाबांचं जन्मसाल चुकून १९५८ पडलंय. कार्डाला चालेल?

रानवारा: नाही, वय आधारवरूनच धरतात. जन्मतारखेचा पुरावा घेऊन आधार केंद्रावर जा. शुक्रवारच्या आत होईल असं धरू नकोस, या वर्षीचा प्रीमियम भरून टाक.

सायली_नाशिक: भरते.