पूर्वमंजुरी, नावातला फरक आणि स्त्रियांचा वॉर्ड

शस्त्रक्रिया मोफत होत असेल तर पत्नीसोबत थांबण्यापलीकडे नवऱ्याला कसला ताप, असे या चर्चेत एका सदस्याने विचारले आहे. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या राज्य सरकारच्या योजनेचे मोल मी कमी लेखत नाही. आमच्यासारख्या कपाशीवाल्यांना तिचा मोठाच आधार आहे. परंतु आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे) नोंद झाली तरी योजनेकडून खर्चाची पूर्वमंजुरी येईपर्यंत नियोजित शस्त्रक्रियेची तारीख पक्की होत नाही (तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून काम भागते), आणि ही मंजुरी बहुधा कागदांपाशी अडते. माझ्या पत्नीचे नाव आधार कार्डावर सासरचे आणि शिधापत्रिकेवर वेगळेच असल्यामुळे, तिला नागपुरात वॉर्डात सोडून मला ऐन वेचणीच्या दिवसांत तहसील कार्यालय गाठावे लागले. तिथला कारकून सभ्य होता, मात्र सही करणारे साहेब दौऱ्यावर होते.

त्याहून अधिक चीड रात्रीची आली. स्त्रियांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण भरती करून घेताना तो कोणी सांगत नाही, आणि मग गावाकडून बहिणीला बोलावून ती येईपर्यंत, सलाइन संपले तर पत्नी कोणाला हाक मारील या चिंतेत नवरा बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर जागा राहतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रिया असेल त्यांनी दोन्ही कागदांवरील नावे गावातच ताडून घ्यावीत आणि रात्रीच्या सोबतीसाठी घरातील एखादी बाई आधीच ठरवून न्यावी.