कामगार पुरवठादारांना सरकारी हमीचे कर्ज द्यावे का?

मकरपुऱ्यातील कामगार पुरवठादार
कारखान्यांना हंगामी कामगार पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांना सरकारी हमीचे विनातारण कर्ज सहज मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. उदाहरणादाखल चाळीस कामगार आणि प्रत्येकी 15,000 रुपये पगार धरा. सहा लाखांच्या पगारावर मालकाच्या वाट्याचा 12 टक्के पी.एफ. आणि 3.25 टक्के ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) मिळवला की खर्च 6,91,500 रुपये होतो. पगाराच्या 5 टक्के सेवाशुल्क घेतले तर आमच्या हाती 30,000 रुपये राहतात. मात्र एकूण बिलावरचा 18 टक्के जी.एस.टी. सुमारे 1,30,000 रुपये होतो आणि कारखान्याचे पैसे आलेले नसले तरी तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो. पगार 7 तारखेपर्यंत, पी.एफ. 15 तारखेपर्यंत, आणि बिलाचे पैसे साठ दिवसांनी! मुद्रा योजनेत नव्या कर्जदाराला 10 लाखांपर्यंतच कर्ज मिळते, आणि बँकेत तारण ठेवायला आमच्याकडे ना यंत्रे असतात ना शेड.

दांडिया बाजारातील करसल्लागार
आपला हिशेब बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उधारी कारखान्याने वापरायची, व्याज आपण भरायचे आणि कर्ज थकले तर बँकेचा तोटा सरकारी हमीतून भरून काढायचा, हे जनतेच्या पैशाने मोठ्या कंपन्यांना पोसणे आहे. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिले वित्तसंस्थांना विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तिथे मान्य झालेले बिल विकून पैसे उभे करता येतात.

मकरपुऱ्यातील कामगार पुरवठादार
मान्य झालेले बिल, हाच तर कळीचा मुद्दा आहे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आधी शिफ्टच्या सुपरवायझरची सही लागते, मग ते एच.आर.कडे जाते, आणि त्यानंतर लेखा विभाग त्या महिन्याच्या पी.एफ. व ई.एस.आय.च्या चलनात (भरणा पावतीत) प्रत्येक कामगाराचे नाव आहे की नाही हे पाहतो. पगार आणि चलन आधी खिशातून भरल्याशिवाय बिल पुढेच सरकत नाही. मग ट्रेड्सवर विकायचे काय? शिवाय व्याजासाठी तक्रार केली की पुढचे कंत्राट हातचे गेलेच म्हणून समजा.

वाघोडिया रोडवरील वाचक
आपण दोघेही कामगाराला विसरलात. माझ्या भावाच्या पगारातून एक पुरवठादार कित्येक महिने पी.एफ. कापत राहिला आणि पासबुकात एकही नोंद निघाली नाही. अशा माणसाला विनातारण पैसे देण्यास माझा सक्त विरोध आहे. कर्ज द्यायचेच असेल, तर बँकेने ती रक्कम थेट कामगारांच्या खात्यांत आणि चलनात भरावी.

मकरपुऱ्यातील कामगार पुरवठादार
ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. प्रामाणिकपणे चलन भरणाऱ्याला तिची कसलीच अडचण होणार नाही.

दांडिया बाजारातील करसल्लागार
या अटीवर कंत्राटाच्या फक्त पहिल्या काही महिन्यांपुरत्या मर्यादित कर्जाला माझी हरकत नाही. परंतु सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर कारखान्याने ती स्वीकारली असेच कायदा मानतो, हेही विसरू नये. मस्टर टेबलावर पडून आहे म्हणून 45 दिवसांची मुदत थांबत नाही. त्यामुळे हमीचे कर्ज मंजूर करताना बँकेने कारखान्याकडून मुदतीत पैसे देण्याचे लेखी पत्र घ्यावे, आणि ते न देणाऱ्या कारखान्याच्या बिलांवर कर्ज देऊ नये.