सुपर बोल 59 : माहोम्सवर चौघेच सोडा, पाचवा नको

साउथजर्सीकर (30 जानेवारी 2025)

सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, यंदा कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध आमचे फिलाडेल्फिया ईगल्स, म्हणजे फिली. काल चीफ्सचे चाहते 'एरोहेडकर' यांनी लिहिलं : "चीफ्स किमान दहा गुणांनी. फँजिओ आठ वेळा माहोम्ससमोर उभा राहिला आणि आठही वेळा हरला. या वेळी तरी ब्लिट्झ करून त्याला घाईला आणलं नाही, तर नववा पराभव आत्ताच लिहून ठेवा." (फँजिओ आमच्या डिफेन्सचा प्रशिक्षक, माहोम्स चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. ब्लिट्झ म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज आणखी माणूस त्याच्या अंगावर सोडणं.) सकाळी कामावर जाताना वाचलं, ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आठ पराभव खरे आहेत. सहा डेन्व्हरचा मुख्य प्रशिक्षक असताना, दोन मायामीचा डिफेन्स सांभाळताना. पण त्यातल्या एकाही दिवशी त्याच्याकडे फिलीची आजची फळी नव्हती. जलेन कार्टर, मिल्टन विल्यम्स, जॉश स्वेट, नोलन स्मिथ, आणि त्यांना दम खायला बसवलं तर मागे जॉर्डन डेव्हिस.

माहोम्सवर ब्लिट्झ करणं म्हणजे त्याला ताट वाढून देणं. पाचवा माणूस आत धावला की मागे जागा मोकळी होते, आणि ती जागा त्याला चेंडू हातात यायच्या आधीच ठाऊक असते. त्याचे चेंडू झेलणारा केल्सी तिथे जाऊन उभाच असतो. माहोम्सला मी खऱ्या अर्थाने कोंडलेला एकदाच पाहिला, फेब्रुवारी 2021 मध्ये टँपाविरुद्ध. 31-9. टँपाचा डिफेन्स सांभाळणारा टॉड बोल्स एरवी ब्लिट्झशिवाय राहत नाही, त्या रात्री त्याने हात आवरला. चौघे पुढे, दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे रक्षक, खोलवर, बाकीचे मधल्या जागेत. माहोम्सवर 29 वेळा दबाव आला आणि चीफ्सला एकही टचडाउन मिळाला नाही. कारण फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे पुढच्या फळीच्या दोन टोकांचे माणूस, जखमी होऊन घरी होते.

आता चीफ्सची आजची लाइन, म्हणजे माहोम्सला वाचवणारी फळी, बघा. डाव्या टॅकलची जागा हंगामभर कुणाला झेपली नाही, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा डावा गार्ड थुनी तिकडे सरकवला. त्याच्या जागी माइक कॅलिएन्डो, ज्याला 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणीही घेतलं नव्हतं. एक माणूस हलवला की दोन जागा कच्च्या होतात.

हे मी कागदावरून सांगत नाही. माझा मुलगा शाळेच्या संघात डावा गार्ड. ऑक्टोबरमध्ये त्यांचा टॅकल जखमी झाला आणि प्रशिक्षकांनी याला एका आठवड्यात बाहेर सरकवलं. गार्डला दोन्ही बाजूंना शेजारी असतात. टॅकलच्या एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला नुसतं मैदान, आणि त्या मैदानातून एक जण भरधाव येतो. रोज रात्री जेवण झालं की आम्ही ड्राइव्हवेवर. मी खडूने तिरक्या खुणा करायचो, तो डावा पाय मागे टाकायचा, उजवा घासत आणायचा. पुन्हा, पुन्हा. उजव्या बुटाची आतली कड महिन्यात झिजून पांढरी पडली. तरी तिसऱ्या सामन्यात त्याच्याच बाजूने एक पोरगा सुटला आणि आमच्या क्वार्टरबॅकचं मनगट मोडलं. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही.

म्हणून सांगतो, चौघे पुरेत. कार्टरला कॅलिएन्डोसमोर लावा. त्याच्या शेजारच्या, मधल्या हम्फ्रीला त्याच्या मदतीला यावंच लागेल. मग मिल्टन विल्यम्स एकटा ट्रे स्मिथवर, स्वेट एकटा जवान टेलरवर. झॅक बॉनने केल्सीचा पिच्छा सोडायचा नाही. आणि आपल्याकडे चेंडू आला की सेक्वॉन बार्कली, चेंडू घेऊन पळणारा. माझ्या मते तो दीडशे यार्डांच्या पुढे जातो.

एरोहेडकर

मीच तो. मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, पण साहेब, तो पंधरा-सोळाचा आणि थुनी ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी. ही तुलना होऊच शकत नाही. दुसरं, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. थुनी काही आयुष्यभर गार्ड नव्हता. नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये शेवटच्या वर्षी तो डावा टॅकलच होता. तो नव्या घरी नाही, जुन्या घरी गेलाय.

आणि चौघांचं कौतुक मला सांगू नका. 2022 च्या हंगामात ईगल्सचे 70 सॅक होते, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट 70 वेळा पाडलं होतं. सत्तर! सुपर बोलमध्ये माहोम्सवर किती? शून्य. घोटा दुखावलेला, तरी शून्य. 38-35 ने आम्ही जिंकलो.

साउथजर्सीकर

त्या रात्रीचं गवत विसरलात? दोन्ही संघांची पोरं मैदानभर घसरत होती. पाय रोवताच येत नसेल तर कडेने येणारा वळणार कसा? सुपरडोममध्ये छताखाली कृत्रिम टर्फ आहे. शिवाय तेव्हा डिफेन्स गॅननकडे होता. गोल लाइनजवळ चीफ्सचा माणूस आत धावत यायचा, परत बाहेर फिरायचा आणि आपला माणूस आतच अडकायचा. एकाच युक्तीने दोन टचडाउन मोकळे दिले. फँजिओची माणसं अशा वेळी एकमेकांच्या हाती माणूस सोपवतात, मागे धावत नाहीत.

थुनीच्या कॉलेजचा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य. पण कॉलेज दहा वर्षांपूर्वीचं, आणि कॅलिएन्डोबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

बफेलोवाली

तुम्ही दोघं गार्ड-टॅकल करत बसा. चीफ्सविरुद्ध खेळताना बारावा माणूस पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून उभा असतो, त्याचं काय करणार आहात? गेल्या रविवारी चीफ्सविरुद्ध उपांत्य सामना, चौथा क्वार्टर, आम्ही बफेलो बिल्स 22-21 ने पुढे, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा. आमचा क्वार्टरबॅक ॲलन पुढे घुसला. एका बाजूचा पंच पुढे पाय रोवत आला, दुसऱ्या बाजूचा मागे. ग्राह्य धरला मागचा. मग 32-29 ने हरलो. मी रॉचेस्टरला राहते, चार वर्षांत तिसऱ्यांदा हे घर चीफ्समुळे सुन्न झालंय. सासूबाई भारतातून आल्यात, त्यांना खेळातलं काही कळत नाही. त्याही म्हणाल्या, "अगं, पण तो पुढे गेला होता ना?"

एरोहेडकर

आणि शेवटचा डाउन विसरलात का, ताई? चौथा डाउन, पाच यार्ड. आमचा डिफेन्स सांभाळणाऱ्या स्पॅग्नुओलोने कोपऱ्यातून मॅकडफी सोडला. ॲलनला पळत मागे जाऊन चेंडू उंच फेकावा लागला, तोही किंकेडच्या हातून सुटला. तो पंचांनी सोडला नव्हता. ब्लिट्झ काय करू शकतो ते तिथे दिसलं. ईगल्सलाही तेच मिळणार. रॅम्सनी ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स याला सात वेळा पाडलं होतं, ते बर्फात बुजलं का?

बफेलोवाली

आमच्या दुःखावर तुमचा सिद्धांत उभा करू नका.

कोपरारक्षक

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. फिलीवाले लाइनबद्दल बोलतात तेव्हा मला तो टश पुश आठवतो. एक यार्ड हवा की हर्ट्स वाकतो, मागून दोघे त्याच्या ढुंगणाला खांदा लावतात आणि ढकलतात. हा खेळ आहे का? मी इस्लामपूरला बारा वर्षं कबड्डी खेळलो, डावा कोपरा. चढाईपटूला सात जणांनी धरलं तरी मध्यरेषेला बोट त्याने स्वतःच टेकवायचं असतं. त्याच्या बाजूचं कुणी येऊन त्याला ओढून घेत नाही. म्हणून तर त्या एका बोटाला किंमत आहे.

ठाणे पहिला थर

कोपरारक्षक, तुमच्या कबड्डीत पकड करणारे साखळी धरतात ना? एकाच्या हातात दुसऱ्याचा हात, आणि एकट्या चढाईपटूवर दोघे-तिघे. ते चालतं?

मी ठाण्यात पाच वर्षं दहीहंडीच्या पहिल्या थराला होतो. लोकांना वाटतं थर खांद्यावर उभा राहतो. तो मागून पाठीवर हात देऊन रेटणाऱ्यांवर उभा राहतो. मान खाली, तोंडात समोरच्याच्या बंडीचा ओला कपडा, आणि पाठीवर पन्नास जणांचा दाब. तो दाब सैल झाला की पहिला थर फुटतो आणि वरचं पोरगं खाली येतं. ढकलणं हे कसबच आहे. सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच उंचीवर. बाकीच्या संघांना कुणी मना केलंय? करून बघतात, जमत नाही. फिलीला जमतं कारण डावीकडे मायलाटा आहे, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला. 2018 मध्ये सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता.

कोपरारक्षक

साखळी बचावाची आहे. बचाव मिळूनच करायचा असतो. मी हल्ल्याबद्दल बोलतोय. आणि हंडीला समोरून कुणी विरोध करत नसतो. तुमचं उदाहरण इथे लागू होत नाही.

वॉशिंग्टनच्या लुव्हूने गेल्या रविवारी ईगल्सच्या टश पुशसमोर काय केलं ते पाहिलंत का? बिचारा दोनदा लाइनवरून उडी मारून गेला, कारण दुसरा उपायच नाही. शेवटी रेफरीने सगळ्या स्टेडियमला ऐकवलं की पुन्हा केलंत तर थेट गुण देऊन टाकू. ज्या डावाला समोरच्याकडे उत्तर नाही, तो डाव बंद करा.

ठाणे पहिला थर

उत्तर नाही म्हणून बंद? उद्या बार्कलीला उत्तर नाही म्हणून त्यालाही बसवा घरी. नेहमीच्या हंगामात 2005 यार्ड पळालाय, शेवटचा सामना न खेळता. ढकलण्याची बंदी लीगनेच 2005 मध्ये उठवली, कारण कोण ढकलतंय आणि कोण नुसतं गर्दीत आहे हे पंचांना ठरवता येत नव्हतं. समोरच्या अकरा जणांनाही ढकलायची मुभा आहेच की.

कोपरारक्षक

तुम्ही कधी अंगावर माणूस घेतलाय का मैदानात? माझा डावा गुडघा दोनदा उघडलाय. ज्याने शरीर खर्ची घातलंय त्याला कळतं की मागून धक्का मिळणं आणि स्वतः घुसणं यात काय फरक आहे.

ठाणे पहिला थर

माझ्या गळपट्टीच्या हाडात पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. 2009. चौथा थर माझ्या मानेवर आला होता. दाखवायला एक्स-रे आहे. आता बोला.

कोपरारक्षक

हाडाबद्दल मान देतो. टश पुशबद्दल नाही. हर्ट्स सहाशे पौंड घेऊन उठाबशा काढतो, त्याला ढकलायची गरजच काय, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याने एकट्याने घुसून दाखवावं, मी उभा राहून टाळ्या वाजवीन.

कोथरूड पहाट

दहा तारखेला, सोमवारी पहाटे पाचला उठून मी हा सामना बघणार आहे. नऊ वाजता कामावर हजर. त्यामुळे माझी विनंती आहे की गुडघे आणि स्क्रू दुसरीकडे न्या. मला फँजिओ आणि माहोम्सबद्दल वाचायचंय. स्पॅग्नुओलोचं एक कुणी सांगत नाहीये. हा माणूस फिलीतच प्रशिक्षक अँडी रीडच्या हाताखाली वाढला, जिम जॉन्सनकडे ब्लिट्झ शिकला. पण त्याचा सगळ्यात मोठा विजय कोणता? फेब्रुवारी 2008. त्याचे जायंट्स विरुद्ध अठराच्या अठरा सामने जिंकलेले पेट्रियट्स. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॅडी याला पाच वेळा पाडलं, आणि त्यातलं बहुतेक काम पुढच्या चौघांनी केलं, स्ट्रेहान, टक, उमेनियोरा आणि मंडळींनी. म्हणजे एरोहेडकर ज्याच्या ब्लिट्झच्या आरत्या ओवाळतात, त्याचीच विजेतेपदाची पहिली अंगठी साउथजर्सीकरांच्या बाजूने साक्ष देते.

एरोहेडकर

हे मला झोंबलं, कारण खरं आहे. जायंट्सचा तो सामना मी डेन्मार्कमध्ये प्रोजेक्टवर असताना रात्रभर जागून पाहिला होता.

ठीक आहे. कॅलिएन्डो ही आमची दुखरी जागा आहे, लिहून देतो. दहा गुणांचं मागे घेतो, तीन म्हणतो. पण सेक्वॉनचे दीडशे यार्ड विसरा. स्पॅग्स सगळी ताकद त्याच्यावर लावणार, ख्रिस जोन्स मधली वाट बंद करणार आणि हर्ट्सला सांगणार, फेकून दाखव. या हंगामात एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या, फरकाचा सामना आम्ही एकदाही हरलेलो नाही. सामना जवळचा राहिला तर शेवटचा चेंडू माहोम्सच्या हातात असेल. तेव्हा तुमचे चौघे थकलेले असतील.

बफेलोवाली

आणि पंच ताजेतवाने.

साउथजर्सीकर

थकणार नाहीत, कारण सहा-सात जण आलटून पालटून खेळतात. हीच तर फळीची खोली. दीडशे यार्ड मी मागे घेत नाही. त्या दिवशी सेक्वॉनचा वाढदिवस आहे, आणि चीफ्सना हवंय तसं सलग तिसऱ्यांदा सुपर बोल जिंकणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. शेवटचा चेंडू माहोम्सच्या हातात गेला तर मलाही भीती वाटते, हे मात्र खरं. 2023 च्या सुपर बोलला माझ्या घरात शेवटची दोन मिनिटं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा आमच्या ब्रॅडबेरीवर फाऊल दिला गेला, आणि त्याने नंतर स्वतः सांगितलं की हो, मी चीफ्सच्या माणसाला धरलं होतं. म्हणून म्हणतो, तिथपर्यंत सामना जाऊच द्यायचा नाही.

एरोहेडकर, थुनी कॉलेजात टॅकल होता हे मी रात्री मुलाला सांगितलं. त्याला माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये जागा बदलली त्या आठवड्यात त्याने कोणकोणते गार्ड आधी टॅकल खेळलेत ते शोधून काढलं होतं. मला कधी बोलला नाही. सामन्याच्या रविवारी तो माझ्या शेजारी सोफ्यावर ईगल्सचा शर्ट घालून बसणार, आणि चेंडू कुठे जातो ते मलाच त्याला सांगावं लागणार. तो सगळा वेळ चीफ्सच्या 62 नंबरचे, थुनीचे, पाय बघणार आहे.