अनुभव धागा: परदेशात राहून भेटलेली कोरियन कला

वेंधळी सुगरण

मंडळी, कोरियन मालिका आणि बीटीएस यांवर दळण दळून झालंय, आता जरा पलीकडचं बोलू. तुम्ही कोरियात राहत असाल किंवा जिथे बऱ्यापैकी कोरियन वस्ती आहे अशा कुठल्याही देशात, तर तिथे काय पाहिलंत, ऐकलंत, शिकलात, खाल्लंत ते लिहा. पर्यटनस्थळांच्या याद्या नकोत. हानबोक हा तिथला पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातला फोटो आपण सगळ्यांनीच काढलाय (हानबोक घातलं की तिकीट लागत नाही, हे कळल्यावर कोण सोडतंय!), तेवढा वगळा.

मी नोकरीनिमित्त सुवॉनला असते. माझं एक मत बनलंय: इथल्या जुन्या कला नुसतं बघत बसणाऱ्याला फारशी दाद देत नाहीत, प्रेक्षकालाही कामाला लावतात. पटत नसेल तर भांडा. सुरुवात मी करते.

पान्सोरी, म्हणजे गाऊन सांगितलेली कथा. एक गायिका, एक ढोल वाजवणारा गोसू, खाली चटई, हातात पंखा. संपला संसार. गायिकेने तोंड उघडलं आणि वाटलं, बाईंचा घसा बसलाय की काय. पण तो खरखरीत आवाज वर्षानुवर्षं कमावलेला असतो. जुने गायक धबधब्यासमोर उभं राहून रियाज करायचे म्हणतात. पूर्वी बारा कथा गायल्या जायच्या, आज पाच उरल्यात. त्यातली छुनह्यांगची कथा अख्खी गायची तर आठ तासही लागतात. २००३ मध्ये युनेस्कोने पान्सोरीचा गौरव केला. ते सगळं ठीक, पण मजा वेगळीच.

जॉन्जूच्या एका छोट्या सभागृहात मी शिस्तीत हाताची घडी घालून बसले होते. शेजारच्या आजींना ते काही बघवेना. गायिकेने एक तान संपवली की गोसू ढोलावर थाप मारून ओरडायचा, "ऑलस्सू!" मग सभागृहातून कुणीतरी, "चोता!" आजींनी मला कोपराने ढोसलं. मी इकडेतिकडे बघते तर दुसऱ्यांदा ढोसलं. शेवटी ओरडले बाई "चोता!" आणि गायिकेने चक्क आमच्या दिशेने पंखा उघडला. आपल्या बैठकीत "क्या बात है" ही मर्जीची गोष्ट. इथे प्रेक्षक गप्प राहिला तर गाणं लंगडं पडतं.

कथा होती सुगुंगगा, म्हणजे पाण्याखालच्या राजवाड्याची. समुद्राचा राजा आजारी पडतो, सशाचं यकृत खाल्लं तरच बरा होणार असं निदान होतं. कासव जमिनीवर जाऊन सशाला फूस लावून आणतं. ससा म्हणतो, अहो, यकृत तर मी घरीच ठेवून आलो! इथे मी ताडकन सरळ बसले. आपली माकड आणि मगर! नंतर वाचलं तर खरोखरच ती आपल्याकडून, बौद्ध जातककथांच्या वाटेने तिकडे पोचलेली. ११४५ साली पुऱ्या झालेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथातही ती आहे, आणि तीही काय जागी! शिल्ला राज्याचा दूत शेजारच्या गोगुर्योमध्ये कैदेत पडतो, तिथला एक दरबारी त्याला सहज म्हणून ही गोष्ट सांगतो. दूत इशारा ओळखतो, "तुमचा मुलूख परत देववतो" अशी थाप मारतो आणि सुटतो. पंचतंत्र राजपुत्रांना मुत्सद्देगिरी शिकवायला लिहिलं असं आपण म्हणतो, त्याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

---

दीडशहाणा ठेकेदार

सुगरणताई, कामाला लावतात हे शंभर टक्के. मी न्यू जर्सीत राहतो. एडिसनला आपले लोक, तसे पॅलिसेड्स पार्कला कोरियन. तिथे दुकानांच्या पाट्यासुद्धा आधी कोरियनमध्ये. तिथल्या एका चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा पाच-सहा काकवा जांगू शिकवतात. मी लहानपणी तबला शिकलेला, म्हटलं आपल्याला काय अवघड आहे.

जांगू म्हणजे मधे बारीक कमरेचा, आडवा ठेवायचा ढोल. डाव्या हातात गोल डोक्याची काठी, उजव्या हातात बांबूची सपाट कांब. डावीकडून खर्ज, उजवीकडून टणक आवाज. पहिल्या दिवशी काकूंनी दोन्ही काठ्या काढून घेतल्या. म्हणाल्या, आधी श्वास घे. मांडी घालून बसायचं, श्वास घेताना अंग वर, सोडताना खाली, आणि तोंडाने बोल म्हणायचे: दोन्ही हात एकदम पडले की दंग, नुसता डावा कुंग, नुसता उजवा दॉक. धा-गे-ना घोकलेल्या माणसाला हे कानावर पडल्यावर घरी आल्यासारखं वाटणारच. वाटलं. आणि तिथेच फसगत आहे, कारण आपली सम जिथे पाय रोवून उभी असते, तिथे यांचा श्वास हेलकावा घेतो. तीन-तीन मात्रांचे चार गट, मोजायला सोपे. पण मी मोजायला लागलो की काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबायच्या. मोजू नकोस, हल.

सामुलनोरी हा प्रकार तसा पुरातन नाही बरं का. शेतकऱ्यांच्या मिरवणुकीतलं वादन पिढ्यान् पिढ्यांचं, पण त्यातली चार वाद्यं उचलून, मंचावर बसून वाजवायची कल्पना १९७८ ची, सोलच्या एका छोट्या नाट्यगृहातली. ग्वेंगग्वारी ही चिमुकली थाळी म्हणजे वीज, जिंग हा मोठा थाळा म्हणजे वारा, जांगू पाऊस आणि बुक हा ढोल ढग. ग्वेंगग्वारी वाजवणारी काकू सगळ्यांची सेनापती, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर तुमची खैर नाही. तळघरात ती वाजली की दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगांपर्यंत कानात असते.

---

सोंगाड्या

मी उल्सानला जहाजबांधणीत आहे. बघण्यासारखं सांगायचं तर आन्दोंगजवळच्या हाहवे गावातला मुखवट्यांचा खेळ. लाकडी मुखवटे. त्यातल्या सरदाराचा जबडा सुटा, दोरीने बांधलेला. नटाने मान मागे टाकली की सरदार खदाखदा हसतो, मान खाली घातली की तोच चेहरा रागीट. एका मूर्ख नोकराच्या मुखवट्याला हनुवटीच नाही. दंतकथा अशी की कारागिराला एकांतात मुखवटे करायचे होते, त्याच्यावर जीव जडलेल्या मुलीने चोरून आत डोकावलं आणि तो शेवटचा मुखवटा अर्धवट टाकून मेला.

पण खेळ मात्र अजिबात हळवा नाही. खाटीक बैल मारतो आणि त्याचे वृषण विकायला काढतो. सरदार आणि पंडित दोघेही आधी नाकं मुरडतात, मग ताकद वाढते म्हटल्यावर ते ओढून घ्यायला एकमेकांवर तुटून पडतात. शाळेच्या सहलीची पोरं आजूबाजूला, शिक्षक पोट धरून हसतायत. आपल्या वगात पाटलाची जी रेवडी उडते तीच तऱ्हा. आणि हे सगळं ज्या सरदारांच्या गावात, त्यांच्याच डोळ्यांदेखत व्हायचं! थट्टेला अधूनमधून एखादा दिवस मोकळीक दिली की उरलेला काळ निमूट जातो, हा हिशेब तिथल्या सरदारांना बरोबर कळला होता असं मला वाटतं.

---

उपाशी विठोबा

शाकाहारी माणसाने कोरियात कसं जगावं यावर वेगळा धागा काढायला हवा. किमचीत खारवलेला जवळा, साध्या भाजीच्या रश्श्यात सुकी मासोळी उकळलेली. मी देगूला संशोधन करतो. एका सहकाऱ्याने सुचवलं, मंदिरात जाऊन राहा, तिथे पोटभर जेवशील. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी हॉटेलं अपुरी पडतील म्हणून बौद्ध मंदिरांनी पाहुण्यांना दारं उघडली, ती पुढेही उघडीच राहिली. मी हेइन्सा निवडलं, देगूहून बसने जाता येतं.

जेवण खरंच निखळ शाकाहारी, वर कांदा-लसूणही नाही. भिक्खूंना पाच उग्र गोष्टी वर्ज्य, त्यातली पाचवी कोणती असेल? हिंग! कोरियात हिंग पिकतही नाही, पण ग्रंथात वर्ज्य म्हणून लिहिलंय ना, मग वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, मग वरणाला फोडणी कसली देतात?

जेवायला प्रत्येकाला एकात एक बसणारे चार वाडगे. भात, सूप, भाज्या आणि पाणी. बोलायचं नाही, वाडग्याचा आवाज करायचा नाही. मुळ्याच्या लोणच्याची एक फोड शेवटपर्यंत जपून ठेवायची. जेवण झालं की गरम पाणी ओतून त्या फोडीने एकेक वाडगा घासायचा, फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शेवटी धुतलेलं पाणी एका भांड्यात गोळा करतात, त्यात मिरचीचा एक कण दिसला तरी चालत नाही. ते पाणी सुईएवढा गळा असलेल्या भुकेल्या पिशाच्चांसाठी, अन्नाचा कण त्यांच्या गळ्यात अडकतो. माझ्या समोरच्या जर्मन मुलाने वाडगे घासलेलं पाणी प्यायच्या आधी जो चेहरा केला, तो विसरणं शक्य नाही.

संध्याकाळी अंगणात भिक्खू आळीपाळीने मोठा ढोल वाजवतात. एकाच्या काठ्या थांबायच्या आत दुसरा ठेका उचलतो, करड्या बाह्या नुसत्या भिरभिरतात. ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्यांसाठी, ढगाच्या आकाराचं धातूचं पान पाखरांसाठी आणि मोठी घंटा पाताळातल्यांसाठी. मागच्या भांडारात तेराव्या शतकात कोरलेले ऐंशी हजारांहून जास्त लाकडी ठसे आहेत, सगळा त्रिपिटक. पंधराव्या शतकातल्या त्या इमारतीत ना पंखा ना यंत्र. खालच्या-वरच्या खिडक्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवून वारा असा खेळवलाय की लाकूड अजून शाबूत.

---

भावी डॉक्टर नांदेडकर

मी कोरिया बघितलेला नाही, चालेल ना? मी कझाकस्तानात, अल्माटीला एमबीबीएस करतोय. इथल्या हिरव्या बाजारात कोरियन काकूंची एक अख्खी रांग आहे, डोंगरासारखे रचलेले सॅलड घेऊन. त्या बोलतात रशियन, मलाही मोडकंतोडकं तेच येतं. गाजराची बारीक सळी, त्यावर व्हिनेगर, लसूण, लाल तिखट, धण्याची पूड आणि वरून कडकडीत तेल. मॉर्कोव्छा म्हणतात. धणे आणि गरम तेल एकत्र आल्यावर होस्टेलमधला प्रत्येक मराठवाडी पोरगा पाव सोडून त्यावर तुटून पडतो.

आमच्या वर्गात सोलहून आलेली एक मुलगी होती, तिने हा प्रकार जन्मात बघितला नव्हता. कारण तो तिथला नाहीच. १९३७ मध्ये स्टालिनने रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोरियनांना, १,७०,००० च्या आसपास माणसांना, आगगाडीच्या डब्यांत भरून मध्य आशियात आणून सोडलं. किमचीचा कोबी मिळेना, गाजर मिळत होतं. त्यांनी गाजराला मसाला लावला.

त्यांचं नाटकाचं थिएटरही त्यांच्याबरोबर आलं. १९३२ ला व्लादिवोस्तोकला सुरू झालेलं, मग किझिलोर्दा, १९६८ पासून अल्माटी. मी गेलो होतो. मंचावर कोरियन, कानात रशियन, आणि शेजारचे आजोबा संवाद नटाच्या आधी म्हणत होते. सुगरणताई, तुमच्या जॉन्जूच्या आजींचे भाऊ शोभले असते.

---

चहाबाज

मला भांडायचंय. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम माझ्या ऑफिसपासून चालत अंतरावर. ६७ क्रमांकाच्या दालनात कोरियाच्या चोसन राजघराण्याच्या काळातला पांढरा गोल रांजण आहे, चंद्ररांजण म्हणतात. एवढं मोठं भांडं चाकावर एका दमात उचलत नाही, म्हणून दोन मोठे वाडगे वेगळे करून तोंडाला तोंड जोडतात. पोटावर जोड दिसतो, आकार किंचित एका बाजूला कललेला. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने १९३५ मध्ये सोलला विकत घेतला आणि पुढे लुसी री या कुंभारणीकडे दिला. तिच्या स्टुडिओत तो अनेक वर्षं होता. मी जेवणाच्या सुट्टीत जाते, बघते, परत येते. मला तिथे कुणी ढोसत नाही, भांडी घासायला लावत नाही, आणि मला ते अतिशय आवडतं.

(न्यू माल्डनच्या कोरियन वस्तीत जाऊन किमची मात्र मी स्वतः उचलून आणते. तेवढं काम धरा.)

---

वेंधळी सुगरण

चहाबाज, मान्य, माझं मत पातळ झालं. पण जेवणाची सुट्टी खर्चून एकच रांजण पुन्हापुन्हा बघायला जाणं हेही कामच की!

दीडशहाणा ठेकेदार

एक प्रश्न. पुढच्या वर्षी सोलला येतोय. सलग पूर्ण कथा ऐकायची असेल तर कुठे? आणि गुडघ्यांचं काय, मांडी घालून बसावं लागतं का?

वेंधळी सुगरण

नामसान टेकडीच्या पायथ्याशी राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तिथे १९८४ पासून पूर्ण पान्सोरीची मालिका चालते, बहुधा शनिवारी दुपारी. खुर्च्या आहेत, मध्यंतर असतं. तिकीट आधी काढा, आणि कथा वाचून जा, शब्द कळले नाहीत तरी कुठे ओरडायचं ते कळतं. कोपऱ्यातली जागा घेऊ नका. मधली घ्या, आजी तिथेच बसतात.