डोकं आपटलं तरी पोराला परत खेळवतात, यावर सरकारचा काही नियम आहे का?

कांदिवलीचा_बाबा:
मुलगा ११ वर्षांचा, अकॅडमीत जातो. रविवारी टर्फवर कॉर्नरला दोघांची डोकी आपटली, हा खाली बसला, कोचने पाणी मारलं, स्प्रे मारला (डोक्याला स्प्रे!!) आणि पाच मिनिटांत परत आत. रात्री दोनदा उलटी, मग आम्ही डॉक्टरकडे पळालो. सीटी नॉर्मल आहे. अकॅडमीवाले म्हणतात काका फुटबॉलमध्ये एवढं चालतंच. कोणीतरी विचारणारं असेल ना यांना?

लेफ्टबॅक_दादर:
इंग्लंडात आहे काका. २०२३ ला तिथल्या सरकारने गल्लीतल्या खेळापर्यंत सगळ्यांसाठी गाइडलाइन काढली, नुसता डाउट आला तरी पोरगं बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि मॅचसाठी कमीत कमी २१ दिवस थांबायचं. पण तो कायदा नाही हां. इथे तर टर्फ तासावर भाड्याने, पुढची बॅच गेटवर उभी, थांबणार कोण?

जुना_गोली:
तिकडे तरी कुठे सुखासुखी झालं. जेफ अ‍ॅस्टल, इंग्लंडचा जुना स्ट्रायकर, २००२ ला ५९व्या वर्षी गेला, आयुष्यभर हेडर (डोक्याने बॉल) मारून मेंदू गेलेला, चौकशीत स्पष्ट आलं की कामामुळे झालेला आजार, तरी पुढची कित्येक वर्षं सगळे ढिम्म. ट्रेनिंगमध्ये लहान पोरांचे हेडर बंद केले ते थेट २०२०ला. २०२१ला त्यांच्या संसदेच्या कमिटीने सरकारलाच झापलं, की खेळवाल्यांचे पेपर तुम्ही खेळवाल्यांनाच तपासू दिलेत. आणि २०२५ला फुटबॉलसाठी वेगळा रेग्युलेटर आणायचा कायदा केला, तो बघणार काय तर मुख्यतः क्लबांचा हिशोब. आपल्याकडेही त्याच वर्षी स्पोर्ट्स गव्हर्नन्सचा कायदा आला, चर्चा सगळी निवडणुका आणि खुर्च्यांची.

फिजिओ_ताई:
बाकी राहू द्या, सीटी नॉर्मल म्हणजे कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला धक्का) नाही असं नसतं. बेशुद्ध पडायलाच हवं असंही नाही. उजेड सहन न होणं, चिडचिड, तेच तेच विचारणं, यावर लक्ष ठेवा. आधी शाळा नीट जमू दे, बॉल नंतर. पहिलं बरं व्हायच्या आत दुसरा फटका बसला तर जिवावर बेतू शकतं.

कांदिवलीचा_बाबा:
बापरे ताई, सीटी नॉर्मल म्हणून येत्या रविवारी पाठवणारच होतो मी. २१ दिवस मोजले तर इंटरस्कूलची मॅच मध्येच येते, घरात रडारड चालू आहे, आई मात्र माझ्या बाजूने. कोचला ती गाइडलाइन मराठीत टाइप करून पाठवलीये. ब्लू टिक आली, उत्तर नाही.